उन्हाची बाई

मॅडम बोलता बोलता मध्येच डोळे मिटून घ्यायच्या. समोर कोणीही असो, मेडिकल कॉलेजचे मोठे साहेब की देगलूरकडच्या गावातली एखादी म्हातारी, हिवाळ्यातलं कोवळं ऊन गालावर आलं की त्यांचं वाक्य अर्धंच राहायचं. मग हळूच डोळे उघडून विचारायच्या, "हां सिस्टर, काय म्हणत होते मी?" गावांत त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांची ती उन्हाची बाई.

त्यांच्या संशोधनात मी नर्स म्हणून दोन हिवाळे होते. नांदेडहून सकाळी जीप निघायची. करडई फुललेली असायची, धुकं रानावर तरंगत असायचं आणि त्यातून एकेक गाव पाण्यातून वर यावं तसं वर यायचं. मॅडमचा प्रश्न साधा होता. ड जीवनसत्त्व दिलं तर विषाणूंमुळे होणारा सर्दी-खोकला, श्वासाचे आजार कमी होतात का? दर आठवड्याला आम्ही बायकांच्या जिभेवर थेंब घालायचो. काही बाटल्यांत ड जीवनसत्त्व, काहींत नुसतं तेल. कोणती कसली, ते ना त्यांना माहीत, ना आम्हाला.

"दिवसभर रानात उन्हात असताव आमी. आमाला उन्हाचं औषध कामून?" त्यांतल्या गंगाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ऊन अंगावर पडणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, काकू," मॅडम म्हणाल्या. "जेवणाचं नाही का तसंच?"

हा प्रश्न मॅडमच्या घरातूनच आला होता. कोरोनात त्यांचे यजमान लातूरला वारले. तपासणीत त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व अगदीच कमी निघालं होतं. "घरात डॉक्टर असून मी कधी बघितलं नाही," एकदा जीपच्या खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी वेळ नुसती शेतं मागे पळत राहिली.

दुसऱ्या हिवाळ्यात गंगाबाईंनी त्यांचा हात धरला. "बाई, तुझ्या थेंबानं लई फरक पडला बघ. औंदा खोकला न्हाई, काई न्हाई." त्या दिवशी परत येताना मॅडम गुणगुणत होत्या.

हिवाळा संपला आणि बाटल्यांचं गुपित उघडलं. दोन्हीकडच्या बायकांना सर्दी-खोकला जवळपास सारखाच झाला होता. गंगाबाईंच्या बाटलीत तर पहिल्यापासून नुसतं तेलच होतं.

एका सहकाऱ्यांनी सुचवलं, "ज्यांच्या रक्तात सुरुवातीला ड जीवनसत्त्व फारच कमी होतं, तेवढ्या बायका वेगळ्या काढा. काहीतरी सापडेल."

"सापडेलही," मॅडम म्हणाल्या. "पण काय शोधायचं ते आपण आधी ठरवलं होतं. आता आवडेल ते उत्तर निवडायचं नाही." जे निघालं, तेच त्यांनी लिहिलं.

मग म्हणाल्या, "गावात जाऊन सांगायला हवं." तशी पद्धत नव्हती. तरी आम्ही गेलो. समाजमंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या. मॅडमनी काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हंजी मला नुसतं तेलच पाजत राहिलीस व्हय?" गंगाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या खळखळून हसल्या. हसणं ओसरल्यावर त्यांनीच हळू आवाजात विचारलं, "मंग तुझा मालक? त्याला थेंब दिले असते तर वाचला असता का?"

मॅडमच्या घरचं त्यांना कसं कळलं, कोण जाणे. बायकांना कळतं.

मॅडम म्हणाल्या, "ठाऊक नाही, काकू. ते काही आपण तपासलं नव्हतं. पण नक्की वाचले असते, असं मी मनाशी म्हणत आले. तसं आता म्हणता येत नाही."

"मंग नगं म्हणूस," गंगाबाई म्हणाल्या आणि आपल्या पदरानं त्यांचे डोळे पुसले. तोवर मॅडम रडताहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ती आमची शेवटची फेरी. त्यानंतर मॅडम लातूरला परत गेल्या, मी नांदेडलाच राहिले. त्या संध्याकाळी वाटेतलं नायगाव मागे पडायच्या आतच त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कललं. खड्ड्यांनीही त्यांची झोप मोडेना. शहराचे दिवे दिसू लागले तसा ड्रायव्हरने आवाज खाली आणून विचारलं, "सिस्टर, नांदेड आलं. उठवायचं का?"

"राहू द्या," मी म्हटलं. "गाडी थोडी पुढे घ्या."