खळ चाखणारे मास्तर

मल्लप्पा मास्तर खळ चाखून बघायचे. कागद चिकटवायची ही ज्वारीच्या पिठाची खळ दर सोमवारी त्यांच्या घरून पितळी डब्यात यायची. वर्गात वाटण्याआधी मास्तर तिच्यात बोट बुडवायचे, जिभेवर ठेवायचे आणि मान डोलवायचे. हेडमास्तरांनी एकदा हटकलं तेव्हा म्हणाले, "पोरं चाटणारच की, सायेब. निम्म्यांनी सकाळधरनं काय खाल्लेलं नसतंय. मग मीठ तरी बरोबर नको?"

पहिल्या दिवशी हे पाहून मी भोकाड पसरलं. आम्ही सोलापूरचे तेलुगू विणकर. आमच्या घरी खळ मागावरच्या सुताला लावायची. तिला तोंड लावलं तर पाठीत धपाटा बसायचा. आणि हा एवढा दांडगा माणूस ती खुशाल चाटतोय! आता याला मार बसणार, या काळजीनेच मी रडत होते. मराठीचा एक शब्द येत नव्हता, तर सांगणार काय, कपाळ! मास्तर घरी कानडी बोलायचे, त्यांनाही तेलुगू येत नव्हतं. त्यांनी माझ्या तळहातावर खळीचा एक ठिपका ठेवला आणि ओठांवर बोट ठेवलं. मी चाटली. चांगली लागली, खोटं कशाला बोलू!

ही तीस सालच्या आगेमागेची गोष्ट. मास्तर तरुणपणी तालमीत घुमलेले. कान चेमटलेले, बोटं केळ्याएवढी. अशा माणसाला बिगरीचा, म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग मिळाला होता. त्या बोटांनी ते कागदाची चिमणी घडवायचे, तेव्हा आम्ही चाळीस पोरं श्वास रोखून बघायचो. रंग म्हणजे हळद, काव, नीळ आणि चुलीतला कोळसा. चिंचोके मांडून मोर करायचा, आणि तो झाला की त्याची पिसं मोजायची. आमची अंकओळख अशीच झाली. रंग सांडला तर मास्तर म्हणायचे, "सांडू द्या की. फरशी काय घरी जाऊन सांगत न्हाय."

बाकीचे मास्तर त्यांची भारी टिंगल करायचे. "काय मल्लप्पा, कुस्ती सोडून भातुकली?" यावर ते मिशीत हसायचे. "भातुकली लई अवघड हाय वो. कुस्तीत समोरचा आपल्याएवढा असतोय." तेलुगू पोरांना ते बोला म्हणून कधी टोचत नसत. हातात कागद द्यायचे आणि वाट बघायचे. मी दिवाळीच्या आत मराठी बोलायला लागले, तेही पहिल्यांदा भांडायला. शेजारच्या मुलीने माझा चिंचोका पळवला होता.

पुढे थोरल्या बहिणीचं लग्न झालं आणि घरात कांड्या भरायला कुणी उरलं नाही. कांडीवर सूत भरून दिलं नाही तर धोटा रिकामा, माग बंद. माझ्या बापाने, आम्ही त्याला नायना म्हणायचो, सांगून टाकलं, "शनिवारी येऊन तुला घेऊन जातो. शाळा पुरे."

मी रडत मास्तरांना सांगितलं. वाटलं, हा पहिलवान घरी येईल, नायनाला चार शब्द सुनावेल. कसलं काय! पोरींना ते लाडाने कानडीत अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे. म्हणाले, "बरं अव्वा. मग शनिवारपर्यंत तुजी चटई पुरी करू." असा राग आला मला!

कागदाला चिरा पाडायच्या आणि त्यांतून रंगीत पट्ट्या एकदा वरून, एकदा खालून ओवायच्या, की झाली चटई. शनिवारी मास्तर फळ्यापाशी सर्वांना मोठी चटई विणून दाखवत होते. नायना दारात येऊन उभा राहिला. मी दप्तर उचललं.

"चुकलं," नायना म्हणाला.

मास्तरांना चुकलं म्हणणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. नायनालाही ते तोंडातून कसं निसटलं कळेना. आयुष्यात शाळेची पायरी चढला नव्हता तो.

"कुटं?" मास्तरांनी विचारलं.

"तिसरी पट्टी. दुसरीवानीच घातली. उलटी पायजे."

मास्तरांनी चटई डोळ्यांजवळ नेली. "व्हय की! मला येत न्हाय बगा. तुमी दावा."

नायना वहाणा काढून आत आला, उकिडवा बसला, पट्टी ओढून नीट घातली आणि नखाने सगळ्या पट्ट्या घट्ट बसवल्या. मास्तर आमच्याकडे वळले. "पोरांनो, मास्तर चुकला. ह्येंनी दुरुस्त केलं. वाजवा टाळ्या!" टाळ्या पडल्या तसा नायना कानापर्यंत लाल झाला. जाता जाता त्याने माझी चटई उचलून पाहिली, मला परत दिली आणि दाराकडे निघाला. मी मागोमाग गेले.

"तू कुठे?" तो तेलुगूत म्हणाला. "काठ सुटलाय तुझा. तो नीट येईपर्यंत जा शाळेत."

मी काय खुळी होते? चौथीपर्यंत तो काठ मी नीट येऊ दिला नाही. अधूनमधून नायना मास्तरांना रस्त्यात गाठून विचारायचा, "आला का काठ?" मास्तर लांब तोंड करायचे. "कुटला वो! लई ढिली हाय पोरगी." "मग जाऊ द्या अजून थोडे दिवस," असं म्हणून नायना घरी यायचा आणि स्वतः कांड्या भरत बसायचा. जन्मभर लुगड्याचे काठ विणलेला माणूस तो. त्याला काय कळत नव्हतं?

मी चौथीत असताना मास्तरांची बार्शीला बदली झाली. जायच्या दिवशी मी त्यांना एक चटई दिली. निळी-पिवळी, चारी काठ सुतात. मास्तरांनी काठावरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. मग दाराबाहेर कुणी नाही ना बघून ती पटकन कोटाच्या आतल्या खिशात घातली.

"झ्याक झालीय, अव्वा," ते म्हणाले. "पण नायनाला दावू नगं हं. अजून पाचवी ऱ्हायलीय."