मागीलदारचा डेक

आमचे शेजारी बोटीवरची नोकरी संपवून तारकर्लीला परतले, पण जमिनीवर उतरले असे काही कधी वाटले नाही. पाय फाकवून, हात मागे बांधून उभे राहायचे आणि चहासुद्धा हुकूम सोडल्यासारखा मागायचे.

मागीलदारी, म्हणजे घरामागच्या अंगणात, त्यांनी फळ्यांचा डेक घातला. त्यांच्या बायकोला, आमच्या काकींना, तिथे चोपून सारवलेले खळे हवे होते.

"कुळीथ खंय सुकत घालू? ह्या फटींत?" काकी कडाडल्या. आम्ही सगळी वाडी हसलो.

"दिवाळीक बोल गो," एवढेच ते म्हणाले.

पावसाळाभर आम्ही आपापल्या मागीलदारी चिखल तुडवत होतो. काकी मात्र डेकवर बसून मासळी साफ करायच्या. पण कबूल करतील तर शपथ!

दिवाळी झाली, खळी करायचे दिवस आले. शेजाऱ्यांनी वाकून एक फळी अलगद उचलली, मग दुसरी. एकीलाही खिळा नव्हता. बोटीच्या कोठारावर झाकण म्हणून घालतात तशा नुसत्या बसवल्या होत्या. खाली खळ्यासाठी जमीन मोकळी.

"घे तुझा खळा!"

काकींनी पदर खोचला, पाय फाकवले, हात मागे बांधले आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा हुकूम सोडला,

"त्यो फळ्यो माळ्यार जपून ठेवा! येत्या पावसाक माका लागतल्यो!"