पासष्ट इंची काच

गोडदेवमधल्या आमच्या इमारतीला धोकादायक असल्याची नोटीस लागली आणि घर रिकामं करायला जेमतेम पंधरवडा मिळाला. भाड्याची जागा बेव्हर्ली पार्कात मिळाली. सामान दोन खेपांत न्यायचं ठरलं. दुसरी खेप नेमकी रविवारी आली, आणि त्याच रविवारी संध्याकाळी सहाला नागपुरात माझ्या भाचीचा साखरपुडा होता.

आईला नागपूरला नेणं शक्यच नव्हतं. तिने ऐंशी ओलांडलेली, आणि चार वर्षांपासून डोळ्यांचे पडदे खराब. समोर बघितलं की मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसतं. माणसं ती आवाजावरून ओळखते. फोनवर नातीचा चेहरा म्हणजे तिला नुसता ठिपका. म्हणून मी पासष्ट इंची टीव्ही घेतला होता. त्याच्यापुढे हातभर अंतरावर खुर्ची टाकून, मान थोडी वाकडी करून ती बसली की चेहरे दिसायचे. नाक, टिकली, हसताना पडणारी खळी, सगळं.

टीव्हीचा खोका मागच्या दिवाळीच्या साफसफाईत मीच भंगारवाल्याला दिला होता. "राहू दे की माळ्यावर," असं बायको तेव्हा म्हणाली होती. 

पहिल्या खेपेच्या हमालांनी टीव्हीला हात लावायला साफ नकार दिला. "साहब, टूटा तो हमपे मत आना." मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने खारी गावातल्या एका टेम्पोवाल्या काकांना बोलावलं. साठी उलटलेले, खांदे अजून रुंद. तरुणपणी मिठागरात टोपल्या वाहिलेला माणूस. ते दुपारी तीनला आले, टीव्हीपुढे उभे राहिले आणि त्याच्या चारी कडा निरखून घेतल्या. तोवर बायको आईला घेऊन रिक्षाने नव्या घरी गेली होती.

"गाद्यांवर आडवा टाकू, काका," मी म्हणालो. "उभा ठेवला तर पडेल."

"न्हाय. आडवा न्हाय टाकायचा."

"अहो, मऊ गादी आहे खाली."

"काच हाय ती. आडवी टाकली का दर खड्ड्याला मधोमध हिसका बसंल. उभाच न्यायचा, दारासारखा."

मला पटलं नव्हतं. पण वाद घालायला वेळ नव्हता. काकांनी आधी एक धुतलेली चादर मागितली, मग दोन गोधड्या. ते सगळं नीट गुंडाळून झाल्यावर विचारलं, "पलंगाचा प्लाय हाय का?" होता. तो खाली टेम्पोत नेऊन ठेवायला सांगितला.

तीन मजले उतरायचे होते आणि लिफ्ट नव्हती. मी खालच्या बाजूला, काका वरच्या. पहिला जिना बरा गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टीव्ही कठड्यावरून उचलून फिरवावा लागणार होता. तिथे माझे घामेजलेले तळवे सरकायला लागले. पकड सुटू नये म्हणून मी बोटं आत दाबली.

"अंगठा काढ!" काका ओरडले. "काचेवर अंगठा नको!"

"सुटेल, काका!"

"सुटू दे. गुडघा लाव खालनं. कडेला धर, कडेला."

मी गुडघा लावला. पूर्ण वजन क्षणभर माझ्या एका गुडघ्यावर होतं आणि मागे रिकामा जिना. मला मागे बघता येत नव्हतं. काका एक एक पायरी मोजत होते, अगदी हळू आवाजात, लहान मुलाला चालवतात तसे. खाली पोचल्यावर मी आधी तळवे पँटला पुसले.

टेम्पोत त्यांनी काचेच्या बाजूला गोधडीवरून प्लाय लावला. दोरी प्लायच्या कडांवरून घेतली, काचेवर कुठेही दाब येऊ दिला नाही. मी मागे बसलो, दोन्ही हात लावून.

मोठ्या रस्त्याला लागलो. मेट्रोच्या खांबांखाली गाड्या खोळंबल्या होत्या. साडेचार वाजले. बायकोचा फोन आला. "आई साडी नेसून बसल्यात. किती वेळ?" मी म्हणालो, "येतोय." एवढंच बोलता आलं, कारण बोलायला एक हात सोडावा लागला होता.

गोल्डन नेस्टच्या चौकाअलीकडे उलट्या बाजूने एक स्कूटर घुसली. काकांनी ब्रेक मारला. सगळं सामान पुढे सरकलं, कपाटाचा कोपरा प्लायवर आदळला आणि आतून आवाज आला. कट्ट.

मी ओरडलो, "काका, थांबा! गेला टीव्ही!"

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मागे आले. गोधडीवरून हात फिरवला. मी गाठ सोडायला लागलो तर मनगट धरलं.

"आता उघडून काय करशील? फुटली आसंल तर फुटली. न्हाय फुटली तर हितं उघडून फोडशील."

उरलेला रस्ता मी काय विचार केला ते नीट आठवत नाही. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. तिने नातीसाठी स्वतः ओटी काढून ठेवली होती. ती ओटी पार्सलने नागपूरला गेली होती. आई मात्र इथे बसून वाट बघत होती.

नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चढवायला अर्धा तास गेला. प्लाय सोडला तेव्हा त्याला वीतभर तडा गेलेला दिसला. काकांनी त्यावरून बोट फिरवलं. "आवाज ह्याचा व्हता." पण खात्रीने सांगता येईना. काच वरून नीट दिसते आणि लावल्यावर रेघा उठतात, असं मी शेजाऱ्यांकडे पाहिलं होतं.

बैठ्या टेबलावर टीव्ही उभा केला. आई पुढे खुर्चीवर, डोक्यावर पदर नीट करत. तिने विचारलं, "लागला का?"

"लावतोय."

सहाला पाच कमी. मी बटण दाबलं. काळा. पडदा काळाच राहिला. बायको माझ्याकडे बघत नव्हती, आईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी दहापर्यंत मोजलं असेल. मग पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका आला, मोठा झाला, आणि सगळी काच उजळली. कुठेही रेघ नव्हती.

काका भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी तोवर पाणीही प्यायलं नव्हतं.

फोनचं नेट जोडून बहिणीला कॉल लावला. नागपूरचा हॉल एकदम भिंतभर आला, सनई, गर्दी, आणि मधे पाटावर भाची. आईने मान वाकडी केली.  मग म्हणाली, "हिरवी नेसलीय. बारीक झाली गं."

बायकोने काकांना चहा दिला. मलाही दिला, पण कप धरता येईना, बोटं वळतच नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन हात गरम पाण्याखाली धरले आणि पालथ्या बादलीवर तसाच बसून राहिलो. बाहेरून आईचा आवाज येत होता, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा. "जरा डावीकडे घे फोन. मुलाची आई दिसत नाहीये मला."