समुद्राची तारीख

दिवाळीनंतरची तारीख मीच सुचवली. यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण नंतर बरेच दिवस मी तो दुसऱ्या कोणावर ढकलता येतो का, हेच पाहत होतो.

श्रावणातला शनिवार होता. आमची लेक अकोल्याला नोकरी करते. शनिवारी दुपारी ती अमरावतीला उतरते आणि तिथून वलगावजवळच्या आमच्या मळ्यावर येते. त्या दिवशी आल्या आल्या तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "आई, तुझं समुद्राचं काम आज पक्कं करून टाकू. बाबा, तारीख सांगा."

समुद्राचं काम म्हणजे स्कूबा डायव्हिंग. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि समुद्राच्या तळाशी जाऊन मासे पाहून यायचं. माझ्या बायकोने हे मोबाईलवर पाहिलं आणि मनावर घेतलं. बावन्नाव्या वर्षी लोकांच्या बायका काशी म्हणतात, रामेश्वर म्हणतात. आमच्या घरी अंदमान निघालं.

आम्ही फुलं पिकवणारी माणसं. दसरा-दिवाळीला झेंडू तोडताना जेवायला फुरसत नसते. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होतात, मग शेवंती आणि निशिगंधाच्या मागे पळायचं ते पार उन्हाळ्यापर्यंत. मधले बारा-तेरा दिवस काय ते आमचे. म्हणून मी म्हणालो, "दिवाळी झाली की तिघंही निघू. तुळशीच्या लग्नाच्या आत वापस."

"अन पाऊस?" लेकीने विचारलं.

"दसऱ्यानंतर कुठचा पाऊस? आपल्या वावरात नाई, तं समुद्रात काहून राहीन?"

बायको गजरा ओवत होती. तिने मान डोलावली. तीही हिवरखेडची, शेतकऱ्याचीच पोर. पाऊस मृगात येतो आणि दसऱ्याच्या आसपास परततो, हे आम्हाला आपलं नाव ठाऊक असावं तितकं ठाऊक होतं. परततो म्हणजे कुठे जातो, हे आमच्यापैकी कोणी जन्मात विचारलं नव्हतं. लेकीने तारखा टाकल्या.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. मला पाण्याची भीती वाटते. नदी-समुद्र सोडा, मला माझ्याच विहिरीची भीती वाटते. सात-आठ वर्षांचा असताना काकाने पाठीला डबा बांधून मला विहिरीत ढकललं होतं. सगळी पोरं असंच पोहायला शिकली. मी नाही शिकलो. डबा सुटला, डोक्यावर हिरवं पाणी मिटलं आणि आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही हे मला कळलं. काकाने लगेच वर काढलं, लोक हसले, गोष्ट संपली. माझी नाही संपली. आजही मोटर सुरू करायला जातो तेव्हा मी काठापासून दोन हात लांब उभा राहतो. घरच्यांना वाटतं, माझे कान खराब आहेत म्हणून मी पाण्यात उतरत नाही. तसं मीच सांगून ठेवलं होतं.

आणि बायको नेमकी उलटी. माहेरच्या विहिरीत ती तळापर्यंत बुडी मारून मूठभर गाळ घेऊन वर यायची. गावातल्या बायकांच्या पडलेल्या बादल्या काढायला हिला बोलवत. लग्न झालं आणि ते सगळं थांबलं. सून विहिरीत उड्या मारते का कुठे? तीस वर्षं ती पाण्याकडे नुसती पाहत राहिली. याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही, आणि मला, खरं सांगतो, ते सोयीचंच होतं.

भाद्रपदात शेवंतीच्या पानांवर काळे ठिपके पडले. ती पानं पिशवीत घालून मी अकोल्याला कृषी विद्यापीठात दाखवायला गेलो. औषध लिहून घेतलं. बाजूच्या टेबलावर हवामानाचा सल्ला देणारे एक साहेब बसले होते. जाता जाता मी सहज म्हणालो, "साहेब, दिवाळीनंतर अंदमानाले जाऊन राहिलो. समुद्र शांत असते ना?"

त्यांनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं?"

मग त्यांनी माझ्याच औषधाच्या चिठ्ठीमागे पेनाने आडवा-उभा समुद्र काढला. म्हणाले, "तुमच्याकडून पाऊस परततो, पण वारा थांबत नाही. तो दिशा फिरवतो. त्या बेटांवर पावसाळे दोन. तुमचा संपतो, तेव्हा त्यांचा दुसरा सुरू होतो. नोव्हेंबरात त्याच समुद्रात वादळं तयार होतात. खाली उतरायचं असेल तर फेब्रुवारीत जा, पाणी काचेसारखं असतं."

तारीख लगेच बदलायची, असं मी ठरवलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. ऑटोत बसून स्टँडकडे निघालो तोवर मला बरंच हलकं वाटायला लागलं होतं. वादळी समुद्रात कोण कोणाला खाली नेतं? बोटी बंदच राहणार. ही काठावरून लाटा पाहील, दोन फोटो काढील, हौस फिटेल, घरी येऊ. मी नाही म्हणायची गरजच नाही, पाऊसच नाही म्हणेल. ती चिठ्ठी मी चौपट घडी करून पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली. बायकोने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, बुरशी आहे.

मला वाटलं होतं, आता भीती जाईल. ती तिथेच बसली, फक्त तोंड फिरवून.

घरात तयारी सुरू झाली. मोबाईलवर पाहून बायको तोंडाने श्वास घ्यायची सवय करू लागली. नाकाला कपड्यांचा चिमटा लावायची आणि तशीच तासभर हार ओवत बसायची. फुलं घ्यायला आलेला व्यापारी तिला पाहून बिचकला. मी थट्टा केली, "दुकानदारी बंद पाडतं का?" ती चिमट्यातून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुमी तुमचं पाहा." हसू सगळ्यांना आलं. मला मात्र तिच्या उघड्या तोंडाकडे पाहवेना.

पुढच्या शनिवारी लेकीने तिकडच्या डायव्हिंग शिकवणाऱ्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मी मुद्दाम जवळ बसलो. वाटलं, हाच आता सांगेल आणि सुटका होईल. तो म्हणाला, "मौसम एकदम बंद हो, तो नहीं जाते। बीच में खुला, तो लेके जाते हैं। थोड़ा करंट रहता है, पानी थोड़ा मैला रहता है।"

"म्हंजे नेतीन ना?" बायकोने लेकीला विचारलं. तिचा चेहरा उजळला होता.

मी धरून चाललो होतो की समुद्र बंद असेल. तो उघडझाप करणार होता. आणि ही बाई, जिने तीस वर्षं वाट पाहिली, ती दोन वादळांच्या मधल्या दुपारी गढूळ पाण्यात उतरणार होती. उतरायला एका पायावर तयार होती. ते पाणी धोक्याचं आहे हे घरात एकट्या मला माहीत होतं. चिठ्ठी पाकिटात होती, पाकीट खिशात होतं. तरी मी बोललो नाही. बोललो असतो तर कधीपासून माहीत आहे, तेही सांगावं लागलं असतं. रोज ठरवायचो, आज सांगतो. चहाच्या वेळी झेंडूच्या भावाचं बोलत बसायचो. जेवण गोड लागेना. ताटातल्या वरणात बोटं बुडाली तरी अंगावर काटा यायचा, इतका वेडा झालो होतो.

दसऱ्याच्या चार दिवस आधीची सकाळ. झेंडूची तोडणी चालली होती. मी फुलांचं टोपलं घेऊन विहिरीकडे आलो. विहिरीला लागून आमचा सिमेंटचा हौद आहे, कमरेइतका. हौदापाशी बायको वाकली होती आणि तिचं डोकं पाण्यात होतं. खांद्यापर्यंत पाण्यात. पदर पाण्यावर पसरला होता. ती हलत नव्हती.

मी हाक मारली. उत्तर आलं नाही. टोपलं कुठे टाकलं मला आठवत नाही. धावलो आणि तिला दोन्ही खांद्यांना धरून मागे ओढलं. आम्ही दोघंही चिखलात आपटलो.

ती खोकत उठली. नाकाला चिमटा तसाच होता. तो काढून तिने माझ्याकडे पाहिलं. "काहून ओढलं? सत्तरपर्यंत आली होती मोजणी."

मला रडू फुटलं. चोपन्न वर्षांचा माणूस, चिखलात बसून. आणि मग सगळं बाहेर आलं, जे आधी यायला हवं होतं ते शेवटी. काका, डबा, कान खराब नसल्याचं. मग पाकिटातली चिठ्ठी काढून तिच्या ओल्या हातात दिली. शाईचा समुद्र लगेच पसरला, पण तोवर मी तोंडाने सांगून टाकलं होतं.

तिने केस पिळले, पदर पिळला. मग विचारलं, "हे तुमाले कवापासून माहीत हाय?"

"भादव्यापासून."

"पाण्याचा भेव वाटते तं वाटते. त्याच्यात लाज कायची? माया बापाले सापाचा भेव होता." तिने चिमटा पदराला लावला. "पन तुमी मले खराब दर्यात उतरू देत होते. मी बुडाली असती तं?"

मी तिच्या जिवाला जपत होतो असं मला वाटत होतं. जपत होतो माझी भीती.

संध्याकाळी तिने स्वतः लेकीला फोन केला. माझं नाव न घेता म्हणाली, तिकडे दिवाळीनंतर पाऊस असते म्हंते, फेब्रुवारीचं पाहा. तारखा बदलल्या. फेब्रुवारी म्हणजे ऐन लग्नसराई, रोजची तोडणी, रोजचा बाजार. मळा सोडून दोघांनी जाणं शक्यच नव्हतं. "तुमी राहा घरी," ती म्हणाली. "मी अन पोट्टी जातो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मला पाण्याजवळ जावं लागणार नव्हतं, जे मला हवं होतं ते मिळालं होतं. आणि ती खाली असताना मी इथे शेवंतीत उभा असणार होतो, हजारभर मैल लांब, वर काढायला हात न पोचणाऱ्या जागी.

त्यांना निघायला आता अकरा दिवस आहेत. काल लेक डायव्हिंगचा फॉर्म छापून घेऊन आली. दम्याचं, रक्तदाबाचं, कानाचं, सगळं बायकोने वाचून वाचून खरं भरलं. शेवटी एक ओळ होती : काही अडचण आल्यास कोणाला कळवायचं.

"लेक तं मायासंग पाण्यात राहीन," ती म्हणाली. "तुमचं टाकतो. फोन आला तं उचलसान ना?"

"उचलीन," मी म्हणालो.

तिने एकेक आकडा मोठ्याने म्हणत माझा नंबर लिहिला आणि कागद माझ्यापुढे धरला. "पाहा बरं, बरोबर हाय का." मी दोनदा वाचला. बरोबर होता. एखादा आकडा चुकला असता, तर मी सांगितलं असतं का, हे मला माहीत नाही.