शनिवारचा रिलीव्हर

माझ्या मैत्रिणीला 'नाही' ऐकायची सवय नाही. कॉलेजपासूनच नाही. तीनेक वर्षांपूर्वी नागपूरच्या मोठ्या इनडोअर स्टेडियममध्ये इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा तिनं मला विचारलंच नाही. आधी दोन तिकिटं काढली आणि मग फोन केला.

"शनिवारी जाऊन राहिलो आपण. तू फक्त काय घालते ते सांग वं."

"बाबांजवळ कोण बसंल?"

"तेवढं तू पाय. बाकी सगळं मी पायीन."

आणि तिनं खरंच सगळं पाहिलं. ती इतवारीत कापडाच्या ठोक दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक नसलं की मला मेसेज टाकायची. गाडी कुठं लावायची, कोणत्या गेटानं शिरायचं, पर्स केवढी चालते, पाण्याची बाटली बाहेर कोण काढून घेतं. दुकानातल्या उरलेल्या चमकीच्या कापडाची दोन जाकिटंही तिनं शिवून घेतली. मी वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ट्रकांचे नंबर लिहिता लिहिता हे मेसेज वाचायचे आणि हसायचे. आम्ही दोघी चौतिशीच्या. तिथं सगळी विशीतली पोरं असणार, आपण त्यांच्या मावश्या दिसू, अशी मला धास्ती. तिचं म्हणणं, अंधारात कोण वय पाहते.

खरं सांगायचं तर मला जायचं होतं. फार जायचं होतं. बाबांना लकवा मारून दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात मी ऑफिस, मेडिकल आणि किराणा यांपलीकडे कुठं गेले नव्हते. आई आधीच गेलेली. दिवसा शेजारच्या मावशी बसायच्या, संध्याकाळी सहाला मी घरात शिरले की त्या उठायच्या. उरलेली सगळी ड्युटी माझी.

ड्युटी हा आमच्या घरचाच शब्द. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर होते. माझं सगळं लहानपण तिथल्या कॉलनीत, शिफ्टच्या हिशेबानं गेलं. त्या कामाचा एक नियम आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन चार्ज घेत नाही तोवर जागा सोडायची नाही. घरी लग्न असो, कोणी आजारी असो. मी पाचवीत असताना शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकात झाड झाले होते. बाबा आले ते शिपाई खुर्च्या गोळा करत असताना. "रिलीव्हर आला नाही," एवढंच बोलले. मी आठ दिवस अबोला धरला. त्यांनी मात्र त्यात आपलं काही चुकलं असं कधी मानलं नाही.

चार्ज द्यायचीही रीत होती. जाणारा माणूस लॉगबुकात पाळीची सगळी हकीकत लिहायचा. येणारा ती मोठ्यानं वाचायचा, म्हणजे कुठं शंका असली तर लिहिणारा समोरच सापडतो. मग सही. सुट्टीच्या दिवशी बाबा माझ्याशी हाच खेळ खेळायचे. आईच्या स्वयंपाकघराचं लॉगबुक मी लिहायचे आणि ते तोंड गंभीर करून वाचायचे. "दूध उतू गेले. आई चिडलेली आहे. नेहमीचे, लक्ष देऊ नये." हे शेवटचं वाक्य त्यांनीच शिकवलं होतं. वीज केंद्रात एखादी घंटा बिघडलेली असते, उगाच वाजते, तिच्यापुढे असं लिहितात म्हणे. आई चिडायची आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

तर शनिवारसाठी मला रिलीव्हर हवा होता. बाबांच्या जोडीला पंचवीस वर्षं काम केलेले एक काका अजून खापरखेड्यालाच राहत होते. मी फोन केला. त्यांनी कारणही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "किती वाजता चार्ज घ्याले येऊ?"

बाबांना मी दोन दिवस आधी सांगितलं. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं तुटक झालं होतं, पण खोचकपणा शाबूत होता. बराच वेळ शब्द जुळवून ते म्हणाले, "डीजे... गणपतीत दारात येते. तिकीट काहून?"

शनिवारी दुपारी मी एक जुनं रजिस्टर काढलं आणि काकांसाठी सगळं लिहून ठेवलं. आमच्या पद्धतीनं, नेमकं. लिहिताना मला मजाही येत होती, हे कबूल करते. पुढे काय होणार हे कळायला हवं होतं. ती रीत माझ्याइतकी कोणाला माहीत होती?

काका साडेचारला आले, वेळेच्या अर्धा तास आधी, डबा आणि चष्मा घेऊन. मी चमकीचं जाकीट घालून तयार होते. मैत्रीण बाहेर स्कूटीवर हॉर्न वाजवत होती. काका बाबांच्या खाटेसमोर खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला, रजिस्टर उघडलं आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले.

"उजवी बाजू बंद. साडेसातला मऊ भात, वरण. मीठ मागतात, देऊ नये. आठला गोळ्या तीन. एक गालात ठेवून नंतर उशीखाली लपवतात, तोंड उघडून पाहावे. संडासला नेताना कमरेला धरावे. लाज वाटून ढकलतात, सोडू नये. रात्री रडतात. नेहमीचे, लक्ष..."

काका तिथं थांबले. पुढचे दोन शब्द त्यांनी वाचले नाहीत. पण ते बाबांना माहीत होते. त्यांनीच तर शिकवले होते.

बाबा भिंतीकडे पाहत होते. ज्या मित्रासमोर हा माणूस पंचवीस वर्षं ताठ उभा राहिला, त्याच्यासमोर मी त्यांची गोळी, त्यांचा संडास आणि त्यांचं रडणं उघडं करून ठेवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जाकिटाची चेन खाली ओढली. "मी नाही जात," म्हटलं. "काका, तुम्ही चहा घ्या अन् जा."

बाहेर ट्रक जात होते. मग बाबांनी डाव्या हाताची बोटं खाटेच्या कडेवर आपटली.

"रजिस्टर."

काकांनी मुकाट्यानं रजिस्टर त्यांच्या मांडीवर ठेवलं, डाव्या हातात पेन दिला. डाव्या हातानं बाबांना तोवर धड सहीही जमत नव्हती. तरी ते लिहायला लागले. मी वाकून पाहायला गेले तर कोपर आडवं धरलं, वर्गातली हुशार पोरं धरतात तसं. बाहेरचा हॉर्न वाजायचा थांबला, मैत्रीण दारात येऊन उभी राहिली, तरी त्यांचं चाललंच होतं. शेवटी त्यांनी रजिस्टर मिटलं.

"चार्ज घेतला," ते म्हणाले. "जा."

"अरे, चार्ज म्या घ्याचा आहे गा," काका म्हणाले. "तू मधातच कसा?"

"मी आहो नं इथं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "तू जा."

मी गेले. चार्ज घेतला म्हटल्यावर थांबता येत नाही, हेही त्याच नियमात बसतं. स्टेडियममध्ये हजारो पोरं एकदम उड्या मारत होती आणि मैत्रीण त्यांच्यात शिरून कधीच दिसेनाशी झाली होती. मी सुरुवातीला नुसतीच उभी होते. मग तो खालचा आवाज सुरू झाला, कानापेक्षा तळपायाला आधी कळणारा, आणि मला खापरखेडा आठवलं. लहानपणी बाबा एकदा मला टर्बाइनच्या हॉलमध्ये घेऊन गेले होते. तिथली फरशी अशीच थरथरायची. मी घाबरले, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या बुटांवर उभं केलं होतं. ते आठवलं आणि मी नाचायला लागले. दीड तास नाचले. घाम, चमकी, सगळं एक झालं. इतकी खूश मी त्यानंतर फार वेळा झालेले नाही.

दहाला कार्यक्रम संपला. घरी आले तर बाबा झोपले होते आणि काका खुर्चीत ताठ जागे. "काही ट्रबल नाही," म्हणाले. तिन्ही गोळ्या बाबांनी स्वतः तोंड उघडून दाखवून घेतल्या होत्या.

सकाळी काका गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. वाटलं होतं, माझं लिहिलेलं खोडलं असेल. खोडलेलं काहीच नव्हतं. 'लक्ष देऊ नये' सुद्धा तसंच होतं. त्याच्या खाली पहिलीतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत तीन ओळी होत्या.

"पोरगी रडते. स्वयंपाकघरात, नळ सोडून. लक्ष द्यावे."

दीड वर्ष मी समजत होते की नळाच्या आवाजात काही ऐकू जात नाही. ज्यानं जन्मभर यंत्रांच्या गोंगाटातून एकेक आवाज वेगळा ओळखला, त्याच्यापासून मी हे लपवत होते.

बाबांना जाऊन आता वर्ष झालं. घरात ऐकणारं कोणी उरलं नाही, तरी रडू आलं की हात आधी नळाकडेच जातो.