चिंधी सुटलेला मोगरा

महादजीबुवांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून आपण सारे त्यांच्याविषयी लिहीत आहोत. मी अमरावतीचा फुलमाळी. बटमोगऱ्याची एक फांदी मागायला अकोटला त्यांच्या मळ्यात गेलो, तीच आमची पहिली ओळख. बुवांनी मला नीट न्याहाळले आणि म्हणाले, "आधी झाड पाहा, मंग फांदी मांगा." झाड पाहता पाहता मी चार उन्हाळे तिथेच राहिलो.

गावोगावहून आणलेल्या मोगऱ्याच्या फांद्या बुवा जमिनीत दाबून जगवीत. छाटणी, पाण्याचा ताण, शेणखत ही सारी कामे त्यांचीच. निवड मात्र त्यांच्या पत्नी गिरजाबाईंची. प्रत्येक झाडाच्या कळ्यांची वेगळी माळ करून त्या रात्रभर ओल्या फडक्यावर ठेवीत आणि सकाळी पाहत. मी एकदा टपोऱ्या फुलांचे कौतुक केले, तेव्हा त्या हसल्या. "मोठ्या फुलाले भुलू नका, दादा. सकाळी पांढरं राह्यते का, ते पाहा." लागोपाठ तीन उन्हाळे जे झाड या परीक्षेत उतरे, त्याला त्या आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधीत. वाफ्यातले असे एखादेच झाड निघे. कापसाची तेजी ऐन भरात होती, त्या साली एका झाडाला त्यांनी अशी चिंधी बांधली. "याच्यासारखं पुन्हा नाही भेटाचं," असे त्या म्हणाल्याचे मला पक्के आठवते.

त्याच श्रावणात पटकीच्या साथीत गिरजाबाई गेल्या.

तेराव्याला त्यांचे कपडे रीतीप्रमाणे घराबाहेर काढले. त्यांच्या धाकट्या जाऊबाई भाबड्या मनाच्या. मळ्यातली चिंधीही मेलेल्या बाईच्या लुगड्याचीच, ती कशी ठेवायची, म्हणून त्यांनी तीही सोडून नदीत टाकली. बुवांना कळले तेव्हा झाडांवर एक फूल नव्हते. निवड कायम पत्नीची, त्यामुळे चिंधी कोणत्या झाडावर आहे हे ध्यानात ठेवण्याची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती. जाऊबाईंना आणि मलाही ते झाड नेमके दाखवता येईना. जाऊबाई दाराआड रडत होत्या. बुवा एवढेच म्हणाले, "रडू नको बाई. रीत हाय ते, तुह्याकडून वाईट नाही झालं." घरचे माणूस गमावून बसलेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द ऐकले आणि मलाच रडू आवरेना.

दु:ख तेवढ्यावर थांबले नाही. वाटणीत मोगऱ्याचा वाफा धाकट्या भावाकडे गेला आणि त्याला तिथे कापूस पेरायचा होता. "दादा, दुनिया सोनं उचलून राहिली, आन तुमी फुलं कावून धरून बसले?" चैत्रात फुले येईपर्यंत तरी थांब, अशी बुवांनी विनवणी केली, भाऊ ऐकेना. तेव्हा माघातच बुवांनी छाटलेली झाडे मुळांच्या मातीसकट उकरली आणि ज्याच्या दारी विहीर आहे त्याला एकेक दिले. काही हिवरखेडला गेली, एक कौंडण्यपूरच्या पुजाऱ्यांकडे, एक माझ्याकडे. आज वऱ्हाडात दारोदारी मोगरा दिसतो, त्याचे कारण हे आहे.

तेव्हापासून दर चैत्रात बुवा पायी निघतात. ज्याच्या दारी झाड असेल त्याच्या ओसरीवर मुक्काम करतात, माळ ओल्या फडक्यावर ठेवतात आणि सकाळी पाहतात. माळ पिवळी पडलेली असते. तरी झाडाला वाईट म्हणत नाहीत. यजमानाला छाटणी शिकवतात, आळे नीट करून देतात आणि पुढच्या गावाला लागतात. काही झाडे वाळली, काही लोकांनी कापसापायी उपटली. त्यांतच ते एक गेले असेल, हे आपल्यापैकी कोणी त्यांना बोलून दाखवत नाही. आता तेजीही ओसरली. भावाच्या शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या आहेत आणि बुवांना तिथे पाहणेही सहन होत नाही.

माझ्या दारचे झाड शेळीने दोनदा बुडापासून खाल्ले, म्हणून ते आजवर फुलले नव्हते. बाकी सारी झाडे बुवांनी पाहून झाली. उरले ते हेच. यंदा त्याला कळ्या धरल्या आहेत. खरे सांगतो, आनंदापेक्षा मला धास्तीच अधिक वाटते.

बुवा, या. फडके धुऊन ठेवले आहे. आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि सकाळी माळ पिवळी निघाली, तरी पुढच्या चैत्रात आपण माझ्याच ओसरीवर मुक्कामाला असावे.