सव्वातीन जीबी

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू दुकानदाराच्या शब्दावर घेतली नाही. शर्टाचं कापड घरी आलं की ते पुन्हा टेपनं मोजत, गोडेतेल दुसऱ्या भांड्यात ओतून बघत. चाकूरला एका लग्नात आहेर म्हणून मिळालेला टॉवेल त्यांनी मांडवातच वितीनं मोजला आणि तो बोटभर आखूड असल्याचं नवरदेवाच्या बापाला गंभीरपणे सांगितलं. पण कुणाला राग आला नाही. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नसे, दुसऱ्याला कुणी फसवलं तर नाही ना, अशी काळजी असे.

लातुरात त्यांचं लग्नपत्रिकांचं छोटं दुकान. तिथला कॉम्प्युटर जुना आणि त्यावरची सिस्टीम त्याहून जुनी. पण त्यांचे सगळे मराठी फॉन्ट तिच्यावरच चालत, म्हणून ती बदलायचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. मशीन अडकायला लागलं तेव्हा ते नांदेडला रहीमकडे घेऊन गेले. रहीम शाळेपासूनचा दोस्त, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या बसवून दिल्या, मिळून चार जीबी. लातूरला येऊन बघतात तर पडद्यावर सव्वातीन.

दुसऱ्याच दिवशी मशीन घेऊन ते नांदेडला. रहीमनं शांतपणे समजावलं, की पट्ट्या पूर्ण चारच्या आहेत, पण ही जुनी सिस्टीम बत्तीस बिटची, तिला चारच्या पुढं मोजताच येत नाही, आणि त्या चारातलाही काही भाग मशीनच्या इतर कामांना राखलेला असतो. साडूंना ते पटलं नाही. त्यांनी पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या आणि एवढंच म्हणाले, "तू तरी असं करायचं न्हवतंस." बोलणं बंद झालं. रहीमच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं, तेव्हाही हे गेले नाहीत.

मागच्या वर्षी ते मशीन कायमचं बंद पडलं. लातुरातल्याच एका दुकानातून त्यांनी दुसरं घेतलं, आठ जीबीचं, आणि हट्टानं त्यावर तीच जुनी सिस्टीम टाकून घेतली. मी शेजारीच होतो. पडद्यावर परत सव्वातीन. साडू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "चल नांदेडला."

रहीमभाईंनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला. केस पार पांढरे झाले होते. साडू उभ्यानंच म्हणाले, "तुझंच खरं होतं."

"पट्ट्यांचं मी कधीच सोडून दिलं यार," रहीमभाई म्हणाले. "पोरगी लग्नात तुझी वाट पाहून राहिली होती. चाचाच पत्रिका छापणार, असं सगळ्यांना सांगून बसली होती ती."

मग रहीमभाईंनी घरातून लग्नाचा अल्बम मागवला. साडूंनी तो मांडीवर घेतला आणि हा कोण, ही कोण, असं एकेका फोटोवर बोट ठेवून विचारत राहिले. दोस्त सांगत होता. चहा गार झाला. नवरीच्या फोटोपाशी मात्र त्यांनी काही विचारलं नाही. चष्मा काढून पुसला आणि पान तसंच उघडं ठेवून बसून राहिले.